हार्ड डिस्क नसलेली आपली संगणक लॅब

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरचा तास माझ्या वाट्याला आलाय. या तासाला आपण काय करायचो ते शेवटच्या बाकावरच्या मंडळींना चांगलं आठवत असेल. तेव्हा कुणाला डुलकी लागली तर माझी हरकत नाही. फक्त शेवटची पाच मिनिटं जागे राहा, कारण तेव्हा मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. पैसे नाहीत, घाबरू नका.

आपण सगळ्यांनी वर्गणी काढून शाळेला जी संगणक लॅब करून दिली, तिचा जमाखर्च या स्मरणिकेत छापलेला आहे. पण एक हिशोब त्यात नाही. तो माझा एकट्याचा आहे आणि तो तुमच्यासमोर मांडावा म्हणून उभा राहिलोय.

२०१७ च्या मे महिन्यात एका कंपनीने आपल्याला बावीस जुने संगणक द्यायचं कबूल केलं. टेम्पो शाळेच्या पटांगणात आला, मामांनी आणि मुलांनी ते उतरवले, हार घालून फोटोही झाले. मग मी एक डबा उघडला आणि पाहतो तर आत हार्ड डिस्क नाही. दुसरा उघडला, त्यातही नाही. बावीसच्या बावीस तसेच. कंपनीची चूक नव्हती. ऑफिसचे संगणक बाहेर द्यायचे असले की माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क काढून नष्ट करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण आमच्यापुढे प्रश्न असा की प्रत्येकी एक अशा बावीस डिस्क घ्यायच्या तर वर्गणीतले निम्मे पैसे तिथेच जाणार. आपल्यातला एक जण मला म्हणाला, "अरे, हे तर बिनमेंदूचे संगणक आणलेस."

मला मात्र त्या संध्याकाळी एक जुनी गोष्ट आठवली. दहावीनंतर मी डिप्लोमाला गेलो. तिथल्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं. आत थंडगार एसी, काचेमागे एक मोठा सर्व्हर आणि बाहेर आमच्यासाठी ओळीने मांडलेले संगणक. त्या संगणकांना हार्ड डिस्क नव्हती. नेटवर्क कार्डावर एका खोबणीत छोटी चिप बसवलेली असायची. बटण दाबलं की ती चिप तारेवरून सर्व्हरला हाक मारायची आणि नोव्हेलचं नेटवेअर आम्हाला एफ ड्राइव्हवर आणून सोडायचं. तार टीव्हीच्या केबलसारखी, एका संगणकातून दुसऱ्यात गेलेली. मधला एक जोड जरी सैल झाला तरी सगळी ओळ बंद, आणि मग सगळे एकमेकांच्या टेबलाखाली शिरायचे. त्या काळी डिस्क महाग होती म्हणून ती युक्ती. आता आमच्याकडे डिस्कच नव्हत्या, म्हणून तीच युक्ती.

हे चालतं कसं ते सांगतो. संगणकातलं मला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनीही ऐका, कारण यातलं सगळं आपण शाळेत केलेलं आहे.

नवीन मुलगा वर्गात आला, त्याच्याकडे दप्तर नाही, पाटी नाही. त्याला फक्त स्वतःचा जन्मजात नंबर माहीत आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अक्षर-अंकी ओळख मिळालेली असते. संगणक सुरू झाला की तो मोठ्याने ओरडतो, "मी अमुक नंबरचा. मी कुठे बसू आणि कुणाकडे जाऊ?" सर्व्हर कोणता हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो तारेवरच्या सगळ्यांनाच विचारतो. सर्व्हर त्याला उत्तर देतो, "तुझा हजेरी क्रमांक हा, वाचायला सुरुवात करायची ती फाइल ही, आणि ती या पत्त्यावर मिळेल." या हजेरी घेणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात. त्याचा पूर्वज बूटपी. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी तो मांडला, तोच मुळी डिस्क नसलेल्या संगणकांना सुरू होता यावं म्हणून. आज तुमच्या घरातलं वायफाय तुमच्या मोबाइलला पत्ता देतं ते त्याच घराण्यातल्या डीएचसीपीमुळे.

पुढची पायरी म्हणजे आपल्या बाईंचं शुद्धलेखन. बाई एक वाक्य सांगायच्या, मग थांबायच्या. सगळ्यांचं "झालं" आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. सर्व्हर पहिली फाइल अगदी तशीच देतो. मूळ पद्धतीत एका वेळी ५१२ बाइट, मग थांबायचं, समोरून पोच आली की पुढचे ५१२. तिला टीएफटीपी म्हणतात आणि १९८१ च्या नियमपत्रात ती तशी लिहिलेली आहे. हळू आहे, पण इतकी साधी आहे की कार्डावरच्या छोट्याशा चिपमध्येही मावते.

एवढं झालं की संगणकाला उभं राहण्यापुरतं बळ येतं. मग तो सर्व्हरवरचं मोठं कपाट उघडतो. त्या कपाटात पूर्ण यंत्रणा असते. आमच्याकडे उबुंटू आहे, त्यात मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक, लिबरऑफिस, मुलांचे गणिताचे आणि भूगोलाचे प्रोग्राम. हे कपाट फक्त वाचण्यासाठी आहे. मुलाने काही बदललं, पुसलं, बिघडवलं तर ते त्या संगणकाच्या मेमरीत, म्हणजे पाटीवर. बटण बंद केलं की पाटी कोरी. मुलाची स्वतःची वही, म्हणजे त्याने केलेलं काम, ती मात्र सर्व्हरवर त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहते. आज तो खिडकीजवळ बसला आणि उद्या दाराजवळ, तरी वही त्याला मिळते.

हे सगळं जुळवून देणारा एक मोफत प्रकल्प आहे, एलटीएसपी. १९९९ मध्ये अमेरिकेत जिम मॅक्विलन यांनी तो सुरू केला आणि आज तो अनेक देशांतल्या शाळांमध्ये चालतो. आम्ही तोच घेतला. बावीसपैकी चार संगणक सुट्या भागांसाठी बाजूला ठेवले, अठरा मांडले. प्रत्येकात दोन जीबी मेमरी होती, त्यामुळे प्रोग्राम त्या त्या संगणकावरच चालतात, फक्त कपाट तारेपलीकडे. सर्व्हर तेवढा नवा घेतला, सोळा जीबी मेमरीचा, आणि त्यात दोन हार्ड डिस्क, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटेल अशा. चोवीस जोडांचा गिगाबिट स्विच आणि केबल लॅमिंग्टन रोडवरून आणली. भिंतीवर पट्ट्या ठोकायला आपल्याच वर्गातले दोघं वायरमन आले आणि त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

आणि मित्रांनो, लॅब चालली. तुमच्यापैकी जे गावात राहतात त्यांना वेगळं सांगायला नको की आपल्याकडे लाइट कधीही जाते. पूर्वी शाळेत जे पाच-सहा संगणक होते, ते दर लाइट जाण्यागणिक आजारी पडायचे. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की कधी ना कधी ते बिघडणारच. आता या अठरांना डिस्कच नाही, तर बिघडणार काय? यूपीएस फक्त सर्व्हरला आणि स्विचला. पेन ड्राइव्हमधून येणारे व्हायरस बंद झाले. नवा प्रोग्राम टाकायचा तर एकदा सर्व्हरवर टाकायचा, कपाटाची नवी प्रत काढायची, अठरांना बंद-चालू करायचं. पूर्वी त्याला दोन दिवस लागायचे, आता अर्धा तास.

पहिल्या दिवशी मुलांनी अठरा बटणं एकदम दाबली आणि सगळे संगणक गोगलगायीसारखे झाले, कारण सगळ्यांचं ओझं सर्व्हरच्या एकाच तारेवर आलं. तेव्हापासून लॅबमध्ये नियम आहे, रांगेने. पहिली रांग सुरू झाली की दुसरी. प्रार्थनेच्या रांगांचा सराव असल्यामुळे मुलांना तो सांगावा लागला नाही.

आता अडचणींकडे येतो.

२०१८ च्या पावसाळ्यात एके दिवशी सात संगणक सुरू झाले आणि अकरा झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी नऊ झाले, नऊ नाहीत, आणि तेही वेगळेच. पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची, तिचा अर्थ "बूट फाइलचं नाव मिळालं नाही". मी तेव्हा पुण्याहून शनिवारी यायचो. दोन शनिवार मी केबल तपासत घालवले. शेवटी सापडलं ते असं की ऑफिसात नवं ब्रॉडबँड आलं होतं आणि त्याची तार आपल्या स्विचच्या मोकळ्या जोडात खोचलेली होती. त्या राउटरमध्येही एक हजेरी घेणारा असतो. म्हणजे एका वर्गात दोन मॉनिटर. संगणक ओरडला की जो आधी उत्तर देईल त्याचं तो ऐकायचा. राउटर त्याला हजेरी क्रमांक द्यायचा, पण कोणती फाइल वाचायची ते त्याला कुठे माहीत? ते पोर तिथेच उभं. सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, ऑफिसचं नेट त्यावर घेतलं, लॅबची तार पूर्ण वेगळी केली आणि स्विचवर लाल रंगाने लिहिलं, "येथे दुसरी कोणतीही तार जोडू नये."

ही अडचण मी सोडवली म्हणून माझं कौतुक झालं. त्याच कौतुकाने घोटाळा केला. लॅबचं काहीही अडलं की मला फोन. मी फोनवरून सांगायचो, मॅडम तेवढं करायच्या, काम व्हायचं. मलाही ते आवडायचं. सर्व्हरचा पासवर्ड माझ्या डोक्यात, सगळी मांडणी माझ्या लॅपटॉपमध्ये. २०१९ च्या जानेवारीत मी नोकरीसाठी मस्कतला गेलो, तेव्हा लॅबच्या किल्लीव्यतिरिक्त काहीही कुणाकडे सोपवलं नाही.

त्या जूनमध्ये शाळेमागच्या नारळावर वीज पडली. सर्व्हरचा मदरबोर्ड गेला आणि दोन्ही डिस्क गेल्या. यूपीएस लाइट जाण्यापासून वाचवतो, विजेच्या लोळापासून नाही, आणि अर्थिंग मी तपासून घेतलं नव्हतं. एकीवरचं दुसरीवर उमटणाऱ्या दोन डिस्क होत्या ना, म्हणून मी निर्धास्त होतो. पण दोन्ही एकाच डब्यात होत्या. एक बिघडली तर दुसरी कामाला येते. डबाच जळला तर दोन्ही जातात. दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायला हवी हे मी कामाच्या ठिकाणी दुसऱ्यांना शिकवतो. आपल्या शाळेत केलं नाही.

अठरा संगणक ठणठणीत होते. रोज सुरू केले की ओरडायचे, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. साडेचार महिने लॅब बंद राहिली. मॅडमनी मुलांना कळफलकाचं चित्र कागदावर काढायला लावून त्यावर बोटं फिरवायला शिकवलं. हे मला नंतर कळलं.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. आदल्या वर्षी नववीच्या मुलांनी घरोघरी जाऊन आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या होत्या आणि लॅबमध्ये बसून मराठीत टाइप केल्या होत्या. दोनशेच्या वर होत्या. भिंतीवर लावायला म्हणून एकतीस छापलेल्या होत्या, त्या राहिल्या. बाकीच्या गेल्या. मुलांनी पुन्हा जाऊन विचारायचं ठरवलं, पण सर्वांत जास्त ओव्या सांगणाऱ्या आजी त्या पावसाळ्यात वारल्या होत्या.

हा माझा हिशोब. वर्गणीच्या जमाखर्चात तो बसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तो खाली मान घालूनच. कुणी एका शब्दाने बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. नवा सर्व्हर उभा करत होतो. एलटीएसपीची नव्याने लिहिलेली आवृत्ती त्याच ऑगस्टमध्ये आली होती, ती बसवत होतो. शेजारी दहावीतली एक मुलगी उभी राहून पाहत होती. ओव्या टाइप करणाऱ्यांपैकीच ती एक. तिने विचारलं, "सर, तुम्ही हे काय काय करताय ते मी वहीत लिहून घेऊ का?"

मला हे दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

मग पद्धत बदलली. मी हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. कळफलकावर मॅडम आणि दोन मुलं, लिहायला ती मुलगी. फुलस्केप वही, मराठीत, पायरीपायरीने, कोणत्या पायरीनंतर पडद्यावर काय दिसलं पाहिजे यासकट. मी घाईत एखादी गोष्ट सांगायची विसरलो की त्यांचं अडायचं, आणि तीच ओळ वहीत लाल शाईने जायची. ती वही आज लॅबमध्ये दोरीने बांधलेली आहे. पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्याध्यापिकांच्या कपाटात आहे.

बाजूला ठेवलेल्या चार संगणकांपैकी एकात जास्त मेमरी आणि डिस्क घालून आम्ही राखीव सर्व्हर केला. तो लॅबमध्ये नाही, ग्रंथालयात आहे. दर शनिवारी मुलांच्या फोल्डरांची प्रत वेगळ्या तारेने त्यावर जाते. लॅबच्या स्विचला मात्र तो जोडलेला नसतो, कारण दोन मॉनिटरांचा गोंधळ आपण एकदा पाहिलाय. मूळ सर्व्हर बंद केल्यावरच राखीवची लाल तार खोचायची, हे वहीच्या पहिल्या पानावर आहे. अर्थिंग नवं करून घेतलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुद्दाम मूळ सर्व्हर बंद करतात आणि राखीववर लॅब सुरू करून दाखवतात. पहिल्यांदा तीन तास लागले. आता पंचवीस मिनिटं लागतात.

याची परीक्षा लवकरच झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. लॅबवर झाकणं पडली. पुढे वर्ग नेहमीसारखे भरू लागले तेव्हा मी मस्कतलाच होतो. एका दुपारी मॅडमचा फोन आला. मी घाईने म्हटलं, "काय बंद पडलंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही सर. सर्व्हर उठत नव्हता, वही काढली, राखीव लावला. अठरापैकी सोळा सुरू झालेत. दोघांचे पंखे अडकलेत, ते मुलं साफ करतायत. फक्त कळवायला फोन केला."

मी तो फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

इथे आपले विज्ञानाचे सर बसलेत. सर, तुम्हाला आठवत असेल, प्रयोगशाळेच्या तीन किल्ल्या होत्या. एक तुमच्याकडे, एक मामांकडे आणि एक आमच्या वर्गाच्या मॉनिटरकडे. तेव्हा आम्हाला वाटायचं, सरांचा आमच्यावर किती विश्वास! विश्वास होताच, पण तुम्ही रजेवर असलात तरी आमचा प्रयोग चुकू नये ही व्यवस्थाही होती. मी तुमच्या हाताखाली शिकलो आणि नेमकी तीच गोष्ट विसरलो.

आता शेवटची पाच मिनिटं. जागे व्हा.

आज लॅबला दहा हजारांची वगैरे गरज नाही. सर्व्हरची डिस्क पुढच्या वर्षी बदलावी लागेल, ती मी पाहतो. गरज आहे ती माणसांची. मॅडमची बदली होऊ शकते, मुलं दहावी होऊन जातात, मी दूर आहे. आपल्या बॅचमधले गावात किंवा जवळपास राहणारे दोघं जण मला हवेत, जे महिन्यातला पहिला शनिवार लॅबला देतील. संगणकातलं येत नसलं तरी चालेल, उलट बरंच. ज्याला येत नाही तोच वहीतली राहिलेली पायरी पकडतो. एकीने सकाळी चहाच्या वेळी "मी येते" असं म्हटलंय. तिला मी सोडणार नाही. आणखी एक जण पाहिजे.

दुसरी विनंती. ज्यांच्या घरी आई, आत्या, काकू अजून ओव्या म्हणू शकतात, त्यांनी या सुट्टीत नववीच्या मुलांना अर्धा तास घरी बोलवावं. मुलं वही-पेन घेऊन येतील. या वेळी ओव्या तीन ठिकाणी राहतील, कागदावर, सर्व्हरवर आणि ग्रंथालयात.

उद्या सकाळी दहा वाजता खोली क्रमांक सातमध्ये मुलं सर्व्हर बंद करून दाखवणार आहेत. घड्याळ लावून उभे राहा. पंचवीस मिनिटांच्या आत झालं तर त्यांना भेळ कबूल केलीय, आणि ती वर्गणीतून नाही, माझ्या खिशातून.